आख्यान, दास्तान आणि रागगायन : 'शनिमाहात्म्या'तील एका प्रसंगाच्या निमित्ताने

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव दोन गोष्टींमुळे सर्वांस ठाऊक आहे. तेथे घरांना दारे नाहीत आणि देवाला छप्पर नाही. उघड्या चौथऱ्यावरील त्या काळ्या शिळेस तेल वाहणाऱ्या मराठी भाविकाच्या मनात शनीची जी कथा असते ती मात्र बहुधा पुराणांतली नसते; ती 'शनिमाहात्म्य' या ओवीबद्ध पोथीतली, म्हणजे उज्जयिनीच्या विक्रमराजाची असते. शनिवारी घरोघर वाचल्या जाणाऱ्या या पोथीकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. व्रताची पोथी म्हणून ती देवघरात राहिली, ग्रंथालयात आली नाही. तिच्या कर्त्याचे नाव तात्याजी महिपती असे सांगितले जाते. हा कर्ता आणि जवळच्याच राहुरी तालुक्यातील ताहराबादचे संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) हे एकच, असे मानण्याचा मोह या परिसरातील मनुष्यास होणे स्वाभाविक आहे. परंतु तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आहे त्या पोथीतील एक प्रसंग, आणि त्या प्रसंगातून उभा राहणारा एक प्रश्न.

प्रसंग असा आहे. शनीची निंदा केल्यामुळे साडेसातीच्या फेऱ्यात सापडलेला विक्रम मायावी घोड्याकडून दूर अरण्यात नेला जातो व पुढे तामलिंदा नगरीतील एका व्यापाऱ्याच्या घरी आश्रयास राहतो. तेथील चित्रशाळेत रंगविलेला हंस खुंटीवरचा हार राजाच्या डोळ्यांदेखत गिळून टाकतो. चोरीचा आळ अर्थातच राजावर येतो आणि राजा चंद्रसेन त्याचे हातपाय तोडवितो. नंतर एका तेल्याच्या घरी घाण्यावर बसून बैल हाकण्याचे काम त्याच्या वाट्यास येते. असा बराच काळ लोटल्यावर एके रात्री तो घाण्यावर बसल्या बसल्या गाऊ लागतो. दीपक राग आळविला जाताच नगरातले दिवे आपोआप पेटतात आणि राजकन्या पद्मसेना या गायकाचा शोध करविते. तेथून कथेचे चाक उलट्या दिशेने फिरू लागते.

या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. पोथी गाण्याची हकीकत सांगते, ती स्वतः गात नाही. ज्या चालीवर ओवी विक्रमाचे हातपाय तोडल्याचे सांगून गेली, त्याच चालीवर ती दीपक रागाचेही सांगून जाते. वाचणाऱ्याचा सूर बदलत नाही, लय बदलत नाही. तो पान उलटतो व पुढे जातो. असे असूनही घरातल्या ओसरीवर बसून ऐकणाऱ्यास ते गाणे ऐकू येते. आता हीच कथा रंगमंचावर सादर करावयाची आहे आणि निवेदकाच्या शेजारी तयारीचा ख्यालगायक तंबोरे लावून बसला आहे, अशी कल्पना करावी. त्याने या जागी दीपक गावा काय? आणि गायल्यास कथेचे काय होईल?

हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला राहिलेला नाही. उर्दू दास्तानगोईचे पुनरुज्जीवन झाल्यापासून कथनाला हिंदुस्थानी रागगायनाची जोड देऊन केलेले प्रयोग ठिकठिकाणी होत आहेत, आणि मुंबई-पुण्याचा श्रोतृवर्गही त्यांचे स्वागत करीत आहे. स्वागत करणे योग्यच आहे. परंतु कौतुकाच्या भरात या दोन कलांचा संयोग स्वभावतःच सुखाचा आहे असे जे गृहीत धरले जाते, ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

दास्तानगोईचा इतिहास विभागातील विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. तरी दोन शब्द सांगणे इष्ट आहे. अमीर हमज्याच्या पराक्रमांची ही अफाट कथा इराणातून हिंदुस्थानात आली, येथे उर्दूत वाढली आणि लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती ४६ खंडांत छापली. त्यांतील 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा भाग सर्वांत लोकप्रिय ठरला. कथा तोंडी सांगणाऱ्यांची परंपरा मात्र दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ साली निवर्तले तेव्हा खंडित झाली. पुढे समीक्षक शम्सुर्रहमान फारूकी (१९३५–२०२०) यांनी या ग्रंथसंभाराचा कसून अभ्यास केला, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली महमूद फारूकी यांनी २००५ साली दिल्लीत पहिला नवा प्रयोग सादर केला. या नव्या प्रयोगाची रीत अगदी साधी होती. पांढरे अंगरखे घातलेले दोघे कथेकरी एका बैठकीवर बसत. नेपथ्य नाही, वाद्य नाही. युद्ध, मैफल, मायानगरी व बहुरूप्यांची चलाखी, म्हणजे दास्तानच्या परिभाषेत रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी, हे सारे केवळ शब्दाच्या बळावर उभे करावयाचे. ही रीत आता मराठीतही आली आहे. मुंबईची कथा सांगणारी 'दास्तान-ए-बडी बांका' हे तिचे उदाहरण होय.

दास्तानच्या कलेतील एक संज्ञा आमच्या विवेचनास फार उपयोगी आहे. ती म्हणजे 'रोक', कथेला रोखून धरणे. प्रियकर पडद्याच्या अलीकडे आहे, प्रेयसी पलीकडे आहे, पडदा उचलला की भेट व्हावयाची. आणि एखादा दास्तानगो त्या पडद्याचे, त्या क्षणाचे, त्या दोन्ही जिवांच्या अवस्थेचे वर्णन दिवसेंदिवस करीत राहिला पण पडदा काही उचलला नाही, अशी आख्यायिका सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, या कलेचे मर्म तिच्यात आहे. श्रोत्यास शेवट ठाऊक आहे. कथेकऱ्याची कसोटी शेवट किती लांबविता येतो यावर आहे.

ख्यालगायनाशी ज्याचा थोडाही परिचय आहे त्याला येथे काय आठवेल हे सांगावयास नको. विलंबित ख्यालात तार षड्ज कोठे आहे हे श्रोत्यास ठाऊक असते; गवई निषादावर रेंगाळतो, परततो, पुन्हा धैवताकडे जातो, आणि षड्ज लागतो तेव्हा श्रोता सुटकेचा नि:श्वास टाकतो. बढत म्हणजे एका अर्थी स्वरांची रोकच होय. दोन्ही कला विलंबाच्या आहेत. म्हणून त्या एकमेकींस पोषक ठरतील असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु नेमक्या याच कारणाने त्या एकमेकींच्या आड येतात. ज्या क्षणी दास्तानगो कथा रोखतो त्या क्षणी श्रोत्याचे मन 'पुढे काय?' या एका प्रश्नाने ताणलेले असते. तेथे गायक सुरू झाला की त्या ताणाची जागा दुसरा ताण घेतो. पाच मिनिटांच्या आलापानंतर श्रोता षड्जाची वाट पाहू लागलेला असतो, पडद्याची नव्हे. गाणे संपते, टाळी पडते, आणि कथेकऱ्यास सारे पहिल्यापासून उभे करावे लागते. यात गाणारा कमी आणि सांगणारा अधिक, किंवा उलट, असा दोष नाही. दोघेही आपापले काम चोख करतात, आणि म्हणूनच ही हानी होते. सुमार गाणे कथेचे इतके नुकसान करीत नाही.

शब्दाचाही प्रश्न आहे. ख्यालाची चीज दोन ओळींची असते, आणि विस्तारात तिचे शब्द विरघळून जावेत अशीच अपेक्षा असते. दास्तानचे गद्य याच्या अगदी उलट आहे. ते सानुप्रास, तोललेले, तुकड्या-तुकड्यांनी झेपावणारे असते, आणि त्यातला प्रत्येक शब्द कानावर पडला पाहिजे. मराठीत याला जवळचे काही शोधावयाचे तर ते अमृतरायांच्या कटावात सापडेल. औरंगाबादेस राहिलेल्या या कवीने (१६९८–१७५३) हिंदुस्थानी भाषेतही रचना केली, आणि त्याचे कटाव कीर्तनकारांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. कटाव म्हणताना कीर्तनकार रागविस्तार करीत नाही. तो लय धरतो आणि शब्द फेकतो. दास्तानच्या गद्यास रागाची गरज नसते ती याच कारणाने. त्याचे संगीत त्याच्या अंगात आहे.

मग या दोन कला एकत्र कधीच नांदल्या नाहीत काय? नांदल्या, आणि कशा नांदल्या हे पाहिले म्हणजे आजच्या प्रयोगांचे गुणदोष स्पष्ट होतात. लखनौच्या मजलिसीचे उदाहरण घ्यावे. करबल्याची तीच दुःखकथा तेथे एकाच बैठकीत दोन रीतींनी मांडली जाई. प्रथम सोजख्वानी होई : रागदारीतील, पण वाद्यांविना केलेले गायन, ज्यात साथीदार, ज्यांना 'बाजू' म्हणतात ते, नुसता आधारस्वर धरून राहत. त्यानंतर कथनात्मक मर्सिया येई, आणि मीर अनीस (मृत्यू १८७४) यांच्यासारखा कवी तो न गाता, 'तहत-उल-लफ्ज' म्हणजे केवळ वाचिक अभिनयाने म्हणत असे. ज्या शहरात रागदारी घराघरांत मुरली होती त्याच शहरातील सर्वश्रेष्ठ कथनकवीने आपले काव्य गाण्यापासून कटाक्षाने दूर ठेवावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सोजाने श्रोत्याचे मन ओले करावयाचे. त्या ओल्या मनावर मर्सियाने कथा कोरावयाची. दोहोंचे काम एक नव्हे आणि वेळही एक नव्हे.

आता आपल्याकडे वळू. नारदीय कीर्तनाची मांडणी पाहिली तर हीच कामाची वाटणी दिसते. पूर्वरंगात एखादे पद किंवा अभंग घेऊन निरूपण होते, आणि तेथे बुवांचा गळा तयारीचा असेल तर राग मोकळेपणाने मांडावयास वाव असतो. मध्यंतरातील भजनानंतर उत्तररंगात आख्यान लागते, आणि एकदा आख्यान लागले की जाणता कीर्तनकार आपले गाणे आवरतो. तेथे साकी, दिंडी, आर्या, ओवी, कटाव, अंजनीगीत ही लहान लहान वृत्ते येतात. त्यांच्या चाली ठरलेल्या व ओळखीच्या असतात, आणि म्हणून त्या लक्ष वेधून घेत नाहीत. साकी कथेला चार पावले पुढे नेते. मोरोपंतांची आर्या एका प्रसंगाची गाठ मारून मोकळी होते. पात्राच्या शोकाचे एखादे पद आले तरी ते दोन-चार आवर्तनांत संपते, आणि झांजेच्या ठोक्यासरशी बुवा पुन्हा गद्यात येतात. प्रस्तुत लेखकाने लहानपणी ऐकलेले एक वृद्ध कीर्तनकार पूर्वरंगात यमन अर्धा अर्धा तास गात. पण हरिश्चंद्राचे आख्यान लावले की तारामतीच्या शोकातही तान घेत नसत. कोणीतरी एकदा त्यांस कारण विचारले. "ती रडते आहे, मी नाही," एवढेच ते म्हणाले. संगीतशास्त्रावरील कित्येक ग्रंथांत इतके नेमके वाक्य सापडत नाही.

नगर जिल्ह्याला कीर्तनाची ही जाण नवी नाही. नेवाशास १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतार्थ सांगितला तो मुखाने, श्रोत्यांशी संवाद करीत. ओवी ही मुळात सांगण्याची वृत्ती आहे. पुढच्या काळातले एक उदाहरण तर फारच बोलके आहे. याच जिल्ह्यातील अकोळनेर येथे १८६८ साली जन्मलेले दासगणू (गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे) आरंभी पोलिसात होते आणि तमाशासाठी लावण्या रचीत. लावणीच्या सवाल-जवाबातून आलेला हा मनुष्य पुढे संतचरित्रांचा आख्यानकार झाला. शिर्डीस कीर्तनास निघताना अंगरखा, उपरणे व फेटा असा सारा थाट करून ते निघाले असता साईबाबांनी तो उतरवावयास सांगितला आणि तेव्हापासून ते उघड्या अंगाने, हाती चिपळ्या घेऊन कीर्तन करू लागले, अशी हकीकत 'साईसच्चरिता'त आहे. भक्तांच्या दृष्टीने ती गुरूची आज्ञा होय. कलेच्या अभ्यासकास तिच्यात आणखीही एक अर्थ दिसतो : सांगणाऱ्याने आपल्यावर नजर खिळवून ठेवू नये. दासगणूंच्या लोकप्रियतेचे रहस्य त्यांच्या गळ्यापेक्षा त्यांच्या रचनेत अधिक होते, कारण त्यांची पदे कथेच्या मापाने बेतलेली असत.

उर्दू मात्र या मातीस परकी, दिल्लीहून आलेली पाहुणी, असे जर कोणी समजत असेल तर ते चुकीचे आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातच दख्खनीत कथाकाव्ये रचली गेली. अशरफ यांचे करबल्याविषयीचे 'नौसरहार' १५०३ चे आहे. तालिकोटच्या लढाईवर (१५६५) हसन शौकी यांनी 'फतहनामा' लिहिला तो निजामशहासाठी. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. पलीकडे पैठणास एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद घडविला. आणि विक्रमराजा तर उर्दूसही परका नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मजहर अली 'विला', काजिम अली 'जवान' व लल्लूलाल यांनी 'बैताल पचीसी' आणि 'सिंहासन बत्तीसी' हिंदुस्थानीत आणल्या. चित्रातला हंस खुंटीवरचा हार गिळतो हा प्रसंग दास्तानगोस सांगितला तर तो त्यास तिलिस्म म्हणून तत्काळ ओळखील. म्हणजे आपल्या पोथीतील हा राजा उर्दू बैठकीवर बसला तर वेष बदलल्यासारखे होणार नाही. अडचण भाषेची वा धर्माची नाही; ती रूपबंधाची आहे.

ही अडचण मराठी रंगभूमीने एकदा भोगलेली आहे. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त (१८८०) व 'सौभद्रा'त (१८८२) साकी, दिंडी यांसारख्या कीर्तनातल्या चाली होत्या व पदे पुष्कळ असूनही नाटक चालत असे. 'मानापमान' (१९११) व 'स्वयंवर' (१९१६) यांच्यापासून गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांनी ख्याल-ठुमरीच्या चीजांवर बेतलेल्या चाली दिल्या, आणि मराठी घरात रागसंगीत पोहोचले ते या पदांमुळे, हे त्यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु पदांस 'वन्समोअर' मिळू लागले, आणि रुक्मिणी किंवा भामिनी दर वेळी बालगंधर्व होऊन परत येऊ लागली. गाण्याने नाटक थांबले अशी तक्रार पुष्कळांनी केली आहे. आम्हांस ती पुरती पटत नाही. प्रेक्षकास कथा ठाऊकच होती, आणि थांबणे हा कथनाचा दोष नव्हे हे वर सांगितलेच आहे. खरी हानी निराळी झाली. पात्र जाऊन गायक उरला. दास्तानची रोक कथेच्या आत असते. वन्समोअर कथेच्या बाहेरून येतो.

या पार्श्वभूमीवर आजच्या प्रयोगांकडे पाहिले तर सर्वांस एकच न्याय लावता येत नाही. अंकित चढ्ढा या तरुण दास्तानगोने कबीरावर व अमीर खुस्रौवर रचलेल्या दास्तानी येथे उल्लेखनीय आहेत. (२०१८ च्या मे महिन्यात पुण्याजवळच्या एका तळ्यात बुडून वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला, या कलेचे ते फार मोठे नुकसान होते.) खुस्रौची दास्तान त्यांनी बिंदुमालिनी व वेदांत भारद्वाज या गायकांसमवेत सादर केली. तेथे गाणे कथेला जोडलेले नव्हते. गाणे हाच कथेचा विषय होता. खुस्रौचे चरित्र सांगताना त्याच्या नावावर चालत आलेली रचना गाइली जाते तेव्हा श्रोता कथेतून बाहेर पडत नाही. उलट, जे सांगितले गेले त्याचा पुरावाच त्याच्यासमोर ठेवला जातो. कबीर, मीरा, तुकाराम यांच्याविषयीच्या कोणत्याही कथनास हा न्याय लागू पडेल. कीर्तनकार हे पूर्वीपासून जाणतात. संताच्या आख्यानात संताचा अभंग येतो तो साक्ष म्हणून येतो.

परंतु याच यशाचे अनुकरण करून जेव्हा एखाद्या तिलिस्मी कथेत मारवा किंवा दरबारी घातला जातो, आणि 'रात्र झाली' म्हटले की गायक बागेश्री सुरू करतो, तेव्हा आमच्या मते ती केवळ सजावट होते. रागाचा समय आणि कथेतली वेळ यांची सांगड घालणे ही कल्पना वरवर शास्त्रशुद्ध दिसते. वस्तुतः तिच्यात दोन्ही कलांचा अविश्वास आहे. कथेकऱ्याच्या शब्दाने रात्र पडत नाही अशी शंका तिच्यात आहे, आणि बागेश्रीला स्वतःचे काही सांगावयाचे नाही अशी समजूतही तिच्यात आहे. जाहिरातपत्रकांत अशा प्रयोगांस 'संगम' म्हणण्याची चाल पडली आहे. संगमात दोन्ही नद्यांना पाणी असावे लागते, एवढे तरी आमच्या प्रवरासंगमाकडच्या लोकांस ठाऊक आहे.

आता पुन्हा तेल्याच्या घाण्याकडे येऊ. दीपक रागाची आणखी एक अडचण आहे. तानसेनाने दीपक गायला, त्याच्या अंगाचा दाह झाला आणि मेघ राग गाऊन तो शमवावा लागला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या कथेच्या धाकामुळे म्हणा वा अन्य कारणाने, हा राग मैफलीत क्वचितच ऐकू येतो. भातखंड्यांनी त्यास पूर्वी थाटात घातले. बिलावल व खमाज या अंगांचे दीपकही सांगितले जातात. म्हणजे विक्रमाने कोणता दीपक गायला हे ठरविण्यापासूनच मतभेदास आरंभ होईल. समजा, तो ठरला आणि आमच्या काल्पनिक गायकाने अतिशय सुरेल गाऊन दाखविला. सभागृहातले दिवे पेटणार नाहीत. प्रकाशयोजनाकाराने कळ दाबून ते पेटविले तर अधिकच वाईट, कारण मग श्रोता कळ दाबणाऱ्याचे कौतुक करील. पोथीतले गाणे कोणी ऐकलेले नाही. म्हणूनच त्याने नगर उजळते. ऐकू आलेले गाणे कितीही श्रेष्ठ असले तरी ते सुंदर एवढेच असते, आणि त्या जागी सुंदर पुरत नाही.

कथेत वर्णिलेले गाणे प्रत्यक्ष गायनाहून मोठे असू शकते याचा दुसरा दाखला याच जिल्ह्यात, आणि उर्दूतच, लिहिला गेला आहे. अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ पासून स्थानबद्ध असताना मौलाना आझादांनी मित्रास उद्देशून पत्रे लिहिली. ती पाठविता आली नाहीत, आणि १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांतील १९४३ च्या एका दीर्घ पत्राचा विषय संगीत हा आहे. तारुण्यात आपण सतार शिकलो, चांदण्या रात्री ताजमहालापाशी ती वाजवीत बसलो, याची आठवण त्यात आहे. किल्ल्यातल्या त्या कोठडीत सतार नव्हती. आझाद कोणता राग कसा वाजवीत, त्यांचा हात किती तयार होता, हे वाचकास कळत नाही व विचारावेसेही वाटत नाही. गद्याच्या लयीनेच चांदणे, संगमरवर आणि तार ही तिन्ही उभी राहतात. या पत्राचे वाचन सतारीच्या साथीने करावे अशी सूचना कोणी केली तर ती ऐकावयास गोड वाटेल. आमचे मत विरुद्ध पडेल. फार तर वाचनापूर्वी सतार वाजावी आणि थांबावी.

कीर्तनाची दीक्षा व रागदारीची तालीम या दोन्ही ज्यांस लाभल्या आहेत असे कलावंत आजही आहेत. संगीत नाटक आणि कीर्तन या दोहोंत वावरणारे चारुदत्तबुवा आफळे हे नाव चटकन आठवते. परंतु पूर्वरंगात राग मांडण्याची ऐपत असलेले बुवा पूर्वीच्या मानाने विरळ झाले आहेत, आणि रागगायकांस आख्यानाची रचना शिकावी असे वाटत नाही. दास्तानचे नवे प्रयोग करणाऱ्यांस जी गोष्ट प्रयत्नाने शोधावी लागत आहे ती आपल्या देवळांच्या सभामंडपात तयार होती, व ती शिकविणारे कमी होत आहेत, ही बाब विभागाने अभ्यासक्रम ठरविताना ध्यानात घ्यावी असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. नाट्यसंगीताच्या पदांची यादी पाठ असलेल्या विद्यार्थ्यास साकी म्हणता येत नाही असा अनुभव परीक्षेच्या वेळी वारंवार येतो.

'शनिमाहात्म्य' दास्तानच्या रीतीने, दोन कथेकरी व एक गायक घेऊन सादर करावयाचे झाल्यास आमची मांडणी पुढीलप्रमाणे राहील. चित्रशाळेचा प्रसंग संपूर्णपणे शब्दावर सोडावा. हंस भिंतीवरून उतरतो तेथे रोक घ्यावी व ती जितकी लांबविता येईल तितकी लांबवावी. घाण्याच्या प्रसंगापासून तंबोरा सुरू व्हावा, पण गायकाने सोजख्वानीतल्या 'बाजू'प्रमाणे केवळ षड्ज धरून राहावे. घाण्याची फेरी व तो अखंड स्वर यांचे नाते श्रोता आपोआप जोडील. दिवे पेटतात ती ओवी पोथीच्या जुन्या चालीवर, एकाही जादा हरकतीशिवाय, म्हटली जावी, आणि तेथे तंबोराही थांबावा. गायकाने गावयाचे ते पुढे, राजकन्येने त्या लुळ्या मनुष्यास बोलावून घेतल्यानंतर. त्या महालात चमत्कार घडावयाचा नसतो. एक गाणारा असतो आणि एक ऐकणारी असते. तेथे दीपक सोडून कोणताही राग, वीस मिनिटे, बंदिशीचे शब्द कळोत वा न कळोत, गाइला जावा.

म्हणजे दीड तासाच्या प्रयोगात एका चांगल्या गवयास एक तास गप्प बसावे लागेल. एक-दोघांशी या विषयावर बोलणे झाले तेव्हा त्यांनी मांडणी मान्य केली, आणि मग बिदागी कोणत्या हिशेबाने धरावयाची असे विचारले.